पहिली चूक आभासी यंत्रावर

आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण करून घरातले नातवंड शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात जाऊ लागते, तेव्हा घरात समाधानाचे वातावरण असते. डबा किती वाजता हवा, कंपनीची बस कोठे थांबते, विद्यावेतन किती मिळणार, पुढे कायम करून घेतील का, या साऱ्याची आपण आस्थेने चौकशी करतो. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारायचा राहून जातो : ‘यंत्राला पहिल्यांदा हात लावण्यापूर्वी तुला सुरक्षेविषयी काय शिकवले, आणि कसे शिकवले?’

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी गिरणीत, कारखान्यात किंवा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षे घालवली आहेत. त्या काळी काम शिकायचे ते उस्तादाच्या शेजारी उभे राहून. खात्यात अर्धे बोट गमावलेला एखादा ज्येष्ठ कामगार असे आणि नवख्या मुलाला धोका समजावून सांगताना त्याच्याच हाताकडे बोट दाखवले जाई. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण कारखान्यात अशी शब्दशः खरी ठरत असे. कोणालाही ठेच न लागता मागच्याला शहाणे करता येईल का, या प्रश्नाचे एक नवे उत्तर म्हणून आज आभासी वास्तवाकडे, म्हणजेच ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’कडे पाहिले जात आहे. हे तंत्र काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि आपण घरी बसून त्यात कोणती भर घालू शकतो, याचा विचार या लेखात करू.

नवखेपणाचा धोका

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २८ एप्रिल २०१८ चा जागतिक कार्यस्थळ सुरक्षा व आरोग्य दिन तरुण कामगारांच्या सुरक्षेसाठी वाहिला होता. १५ ते २४ वर्षे वयाच्या कामगारांना कामावर होणाऱ्या, जिवावर न बेतणाऱ्या इजांचे प्रमाण त्याहून मोठ्या कामगारांच्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत अधिक असते, याकडे संघटनेने त्या वेळी लक्ष वेधले होते.

याचे कारण केवळ तरुणांचा बेफिकीरपणा असे आपण मानत असू, तर तो मुलांवर अन्याय होईल. नवख्या माणसाला कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता धोक्याचा, हे ओळखता येत नाही. आपल्याला कळले नाही, हे चारचौघांत कबूल करण्याची त्याला लाज वाटते. वरिष्ठाने घाई केली तर ‘थांबा’ म्हणण्याचे धाडस होत नाही. कारखाना मोठ्या माणसांच्या मापाने मांडलेला असतो आणि हा मुलगा कालपर्यंत शाळेच्या बाकावर बसत होता. मेंदूतील परिणामांचा अंदाज घेणारा आणि उतावळेपणाला आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, हेही वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे.

आता यंत्राची बाजू पाहा. पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत. त्यांतील अनेक ठिकाणी पॉवर प्रेस हे रोजच्या वापरातले यंत्र असते. पत्रा डायमध्ये ठेवायचा, वरचा भाग जोराने खाली येतो, पत्र्याला आकार मिळतो, जॉब बाहेर काढायचा आणि पुढचा पत्रा ठेवायचा. मिनिटाला ६० ठोके पडणाऱ्या प्रेसचा वरचा भाग सुमारे अर्ध्या सेकंदात खाली येतो. डोळ्यांनी धोका पाहून हाताची हालचाल सुरू व्हायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे ‘लक्ष असले की झाले’ हा सल्ला येथे अपुरा पडतो. हात डायमध्ये असताना यंत्र चालूच होऊ नये, हीच खरी सुरक्षा. हरियाणातील गुरुग्राम-मानेसर परिसरात काम सुरू केलेली ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातील अपघातांवर २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध करत आली आहे. हाताची बोटे गमावलेले कामगार आणि पॉवर प्रेस हे यंत्र, या दोन गोष्टी त्या अहवालांत पुन्हा पुन्हा भेटतात.

डोक्यावरचे यंत्र कसे चालते?

धोक्याचे काम आधी खोट्या यंत्रावर शिकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांना जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारे यंत्र तयार केले. त्यांच्या घरचा व्यवसाय पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा होता. ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या भात्यांवरच त्यांनी आपले लुटुपुटीचे विमान हलवले. पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावायचे चित्रदर्शक उपकरण बनवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. आज तेच तंत्र पोहण्याच्या चष्म्याहून थोड्या मोठ्या आकारात, अर्धा किलोच्या आसपास वजनात सामावले आहे.

या उपकरणाला हेडसेट म्हणतात. त्यात दोन्ही डोळ्यांसमोर किंचित वेगळी चित्रे दाखवली जातात. आपले दोन डोळे जगाकडे थोड्या वेगळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू त्या दोन चित्रांवरून खोलीचा अंदाज बांधतो. हेडसेट मेंदूच्या याच सवयीचा उपयोग करून घेतो. मान वळवली की आतील संवेदक ती हालचाल टिपतात आणि क्षणार्धात चित्रही त्या दिशेने फिरते. हातांत धरलेल्या नियंत्रकांमुळे समोरच्या दृश्यात हात दिसतात, त्यांनी वस्तू उचलता येते, बटण दाबता येते. त्यामुळे पाहणाऱ्याला आपण पडद्यासमोर आहोत असे न वाटता त्या जागेतच उभे आहोत असे वाटते.

समजा, शिकाऊ मुलासमोर आभासी लेथ आहे. लेथच्या फिरत्या चकमध्ये जॉब आवळण्यासाठी एक चावी वापरतात. आवळून झाल्यावर ती काढून ठेवायची असते. घाईत ती चकमध्येच राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती गोळीसारखी उडते. हा नियम फळ्यावर लिहून दिला तर मुलगा तो वहीत उतरवून घेईल. आभासी खोलीत तो चावी विसरतो, बटण दाबतो, आणि चावी सणसणत त्याच्या तोंडाच्या दिशेने येते. तो दचकून मागे सरतो, छाती धडधडते, पण ओरखडाही उठत नाही. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. या वेळी हात आपोआप आधी चावीकडे जातो.

पॉवर प्रेसचा धडाही असाच देता येतो. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोका पडू नये, अशी व्यवस्था का केलेली असते? कारण दोन्ही हात बटणांवर असतील तर ते डायमध्ये असू शकत नाहीत. एक बटण कोणी पट्टीने बांधून ठेवले तर काय घडते, हे खऱ्या यंत्रावर करून दाखवणे अमानुष ठरेल. आभासी यंत्रावर ते दाखवता येते. आग, वायुगळती, उंचीवरून तोल जाणे, विजेचा प्रवाह न तोडता दुरुस्तीला हात घालणे, असे जे प्रसंग खरे घडवता येत नाहीत, तेथे या तंत्राचा खरा उपयोग आहे.

अभ्यास काय सांगतात?

नवे यंत्र दिसले की त्याचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. म्हणून दोन अभ्यासांचा आधार घेऊ.

अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात २००६ मध्ये मायकेल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरक्षा प्रशिक्षणाच्या ९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. १९७१ ते २००३ या काळातील या अभ्यासांत मिळून सुमारे २१ हजार व्यक्तींचा समावेश होता. व्याख्यान, पत्रके, चित्रफीत यांपेक्षा शिकणाऱ्याला प्रत्यक्ष कृती करायला लावणारे, प्रश्न विचारू देणारे प्रशिक्षण अधिक परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यात आभासी वास्तवाची भलामण नव्हती. हाताने केलेले लक्षात राहते, हे आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील शहाणपणच त्यातून आकड्यांनी सिद्ध झाले.

दुसरा अभ्यास इस्रायलमधील टेक्निऑन या संस्थेतील राफाएल सॅक्स आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. बांधकामाशी संबंधित ६६ जणांपैकी काहींना वर्गात चित्रे दाखवून, तर काहींना आभासी बांधकामस्थळी नेऊन सुरक्षेचे धडे दिले गेले. प्रशिक्षणापूर्वी, लगेच नंतर आणि एक महिन्याने त्यांची चाचणी घेतली. दगडी आवरण बसवणे आणि जागेवर काँक्रीट ओतणे, या ठरावीक कामांतील धोके ओळखण्यात आभासी प्रशिक्षण घेतलेले पुढे होते. त्यांचे लक्षही अधिक टिकून राहिले. बांधकामस्थळाच्या सर्वसाधारण सुरक्षेबाबत मात्र दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

या दोन्हींतून आपल्यासाठी निघणारा अर्थ सरळ आहे. ठरावीक यंत्र, ठरावीक कृती आणि ठरावीक चूक यांचा सराव करायचा असेल तर हेडसेट उपयोगी पडतो. ‘सुरक्षितपणे काम करा’ असा मोघम उपदेश हेडसेटमधून केला, तरी तो मोघमच राहतो.

हेडसेटला न जमणाऱ्या गोष्टी

आभासी लोखंडाला वजन नसते. वेल्डिंगच्या आभासी प्रशिक्षणात ठिणगी दिसते, तिचा चटका बसत नाही. तेलकट फरशीवर पाय कसा सरकतो, आठ तास उभे राहिल्यावर पोटऱ्या कशा भरून येतात, रात्रपाळीत पहाटे डोळ्यांवर झापड कशी येते, हे हेडसेट शिकवू शकत नाही. म्हणून आभासी सराव झाल्यावर जाणत्या कारागिराच्या नजरेखाली खऱ्या यंत्रावरचे प्रशिक्षण हवेच. हेडसेट उस्तादाची जागा घेत नाही. उस्तादाकडे येणारा मुलगा थोडा तयार होऊन येतो, इतकेच.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. औद्योगिक सुरक्षाशास्त्रात धोका आवरण्याच्या उपायांची एक उतरंड मानली जाते. धोका मुळातूनच काढून टाकणे हा सर्वांत भक्कम उपाय. ते शक्य नसेल तर कमी धोक्याचे साधन वा पद्धत वापरणे, त्यानंतर यंत्रालाच जाळी, संरक्षक झाकण, प्रकाशकिरणांचा पडदा, आपोआप थांबण्याची सोय करणे. नियम आणि प्रशिक्षण यांचा क्रमांक याच्याही नंतर येतो. हेल्मेट, बूट, चष्मा ही सर्वांत शेवटची फळी. हेडसेट हे प्रशिक्षणाचे साधन असल्यामुळे त्याची जागा या उतरंडीत खालच्या बाजूला आहे. प्रेसला संरक्षक कवच नसेल, तर जगातील सर्वोत्तम हेडसेटही त्या बोटांचे रक्षण करू शकत नाही.

आणि येथेच मुलाची खरी परीक्षा असते. आभासी खोलीत त्याने पाहिलेले असते की जाळी काढलेले यंत्र चालवायचे नाही. शॉपवर गेल्यावर त्याला दिसते की उत्पादन वाढवण्यासाठी जाळी काढून ठेवली आहे, संवेदक बंद केला आहे, आणि शेजारचे सगळे तसेच काम करत आहेत. सुपरवायझर म्हणतो, ‘काही होत नाही, आम्ही दहा वर्षे असेच करतोय.’ त्या क्षणी मुलाने काय करावे, हा धडा कोणत्या हेडसेटमध्ये असतो? चांगल्या प्रशिक्षणात तोही असायला हवा : काम थांबवणे, प्रशिक्षकाला सांगणे, आणि सांगितल्याबद्दल शिक्षा न होणे. कागदावर ‘प्रशिक्षण दिले’ अशी खूण करण्यापुरता हेडसेट आणला असेल, तर अपघातानंतर ‘आम्ही तर शिकवले होते’ असे म्हणून दोष मुलाच्या माथी मारायला तो उपयोगी पडेल. हा धोका आपण ओळखून असावे.

गाडी लागते तसे

आरोग्याच्या दृष्टीनेही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घाटात बस लागते त्याचे कारण डोळे आणि अंतर्कर्ण मेंदूला वेगवेगळे निरोप देतात. हेडसेटमध्ये याच्या उलट घडते : डोळे सांगतात ‘मी चालतो आहे’, अंतर्कर्ण सांगतो ‘मी उभा आहे’. त्यामुळे काहींना मळमळ, घाम, डोकेदुखी, भोवळ असा त्रास होतो. तो बहुधा थोड्या वेळात शमतो. धडे छोटे असावेत, मधे विश्रांती असावी, सुरुवातीला बसून सराव करावा, आणि हेडसेट काढल्याबरोबर खऱ्या यंत्रावर उभे राहू नये किंवा दुचाकी चालवत घरी निघू नये. ‘मला मळमळते’ असे सांगणाऱ्या मुलाची चेष्टा न करता त्याला दुसऱ्या पद्धतीने शिकवावे. अपस्माराचा त्रास असल्यास प्रशिक्षकाला आधी कल्पना द्यावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एकच हेडसेट अनेकांनी वापरायचा असेल, तर प्रत्येक वेळी तो पुसून घ्यावा. डोळे आलेल्याने तो लावू नये.

‘आजोबा, तुम्हीही बघा ना!’ असा आग्रह एखाद्या दिवशी आपल्यालाही होईल. उत्सुकता जरूर भागवावी, पण हात असलेल्या खुर्चीत बसून, कोणीतरी शेजारी असताना, आणि दोन-तीन मिनिटेच. चक्कर येण्याचा आजार, तोल जाणे, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा पेसमेकर असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. डोळ्यांसमोर दरी दिसली की शरीर सावरायला धावते, आणि उतारवयात असा एक झोकही खुब्याच्या हाडाला महागात पडू शकतो.

कायद्याने दिलेला आधार

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या कायद्याने उमेदवार आणि आस्थापना यांच्यात करार होतो. उमेदवार अल्पवयीन असेल तर त्यावर पालकाची सही लागते. ही सही करण्यापूर्वी करार वाचणे, हे आपले पहिले काम. धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. कायदा शिकाऊ उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो, तरीही कारखान्यातील आरोग्य, सुरक्षा व कल्याणाच्या तरतुदी त्यालाही लागू होतात. प्रशिक्षण सल्लागाराच्या मान्यतेवाचून त्याला जादा वेळ काम करायला लावता येत नाही. प्रशिक्षणादरम्यान अपघाताने इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते.

यात नवे काही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच अल्पवयीन व्यक्तीला धोकादायक यंत्रावर काम देताना दोन अटी घातल्या होत्या. तिला धोक्याची पूर्ण कल्पना दिलेली असावी, आणि तिने पुरेसे प्रशिक्षण घेतलेले असावे किंवा ती जाणकाराच्या देखरेखीखाली असावी. हेडसेट हे ती जुनी जबाबदारी पार पाडण्याचे एक नवे साधन आहे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही याबाबतची शासकीय यंत्रणा आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ पासून सुरक्षा जागृतीचे काम करते. दरवर्षी ४ मार्चपासून पाळला जाणारा राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह हा घरात हा विषय काढण्याचाही एक चांगला मुहूर्त आहे.

घरातून काय करता येईल?

कारखान्याची रचना आपल्या हाती नाही. तरीही काही गोष्टी घरातूनच ठरतात.

पहिली गोष्ट हळवी आहे. नातू कामाला निघाला की आपण देवापुढचा दोरा त्याच्या मनगटावर बांधतो. राखी महिनोन्‌महिने हातावर राहते. वाढदिवसाला अंगठी किंवा कडे देतो. फिरत्या यंत्रापाशी हा दोरा, ही अंगठी, गळ्यातली साखळी यांत अडकून हात किंवा मान ओढली जाऊ शकते. मुले अनेकदा आपल्या भावना दुखावतील म्हणून ती काढत नाहीत. तेव्हा हे आपणच सांगावे : ‘दोरा देव्हाऱ्यात ठेव, आशीर्वाद तुझ्याबरोबर आहेच.’ नात असेल तर केस घट्ट बांधून टोपीखाली घेणे, ओढणी न नेणे, हेही आलेच. लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर हातमोजे घालून काम करणेही घातक असते, कारण मोजा आधी गुंडाळला जातो आणि मागोमाग हात. तेव्हा ‘मोजे घाल रे बाबा’ असा सरसकट आग्रह न धरता, कोणत्या कामाला काय घालायचे हे त्याने प्रशिक्षकाकडून नीट समजून घेतले आहे ना, एवढे विचारावे.

दुसरी गोष्ट झोप. पाळी बदलली की घराचा दिनक्रम त्याच्यासाठी थोडा बदलावा. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला दिवसा अंधारी, शांत खोली मिळावी. अपुरी झोप ही सावधपणाची मोठी वैरीण आहे.

तिसरी गोष्ट बोलण्याची. आभासी धड्याचा सर्वांत मोठा गुण असा की तेथे चुकीबद्दल कोणी रागावत नाही. चूक होते, परिणाम दिसतो, पुन्हा सराव होतो. घरातही तेवढे औदार्य असावे. ‘आज थोडक्यात वाचलो’ असे मुलगा सहज बोलून गेला, तर ‘लक्ष कुठे असते तुझे?’ असे फटकारू नका. काय झाले, जाळी होती का, कोणाला सांगितलेस का, असे शांतपणे विचारा. एकदा रागावलात तर पुढचा प्रसंग तो आपल्याला सांगणार नाही. थोडक्यात टळलेला अपघात ही पुढच्या अपघाताची आगाऊ सूचना असते.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. तुझ्या यंत्राचे तातडीने बंद करण्याचे बटण कोठे आहे? जाळी काढलेली असेल तर कोणाला सांगायचे? दुरुस्तीच्या वेळी वीज तोडून कुलूप कोण लावते आणि किल्ली कोणाकडे असते? कारखान्यात प्रथमोपचार कोणाला येतो? हेडसेटवर शिकवले असेल, तर त्यानंतर खऱ्या यंत्रावर किती दिवस जाणता माणूस शेजारी होता? उत्तरे पटापट आली तर प्रशिक्षण मुरले आहे असे समजावे. तो अडखळला तर दुसऱ्या दिवशी विचारून यायला सांगावे.

तरीही अपघात झालाच तर

बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापडाने थेट दाब द्यावा व हात उंच धरावा. तुटलेला भाग मळलेला असल्यास स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, चोळू नये. तो ओलसर, पिळून घेतलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या भांड्यात ठेवावी. भाग थेट बर्फावर ठेवू नये, पाण्यातही बुडवू नये. बोट अर्धवट जोडलेले असेल तर तोडून वेगळे करू नये. हळद, चहापूड, तंबाखू असे काहीही जखमेवर टाकू नये. शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता असल्याने जखमीला काही खायला-प्यायला देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे. हा परिच्छेद कापून नातवंडाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलात तरी चालेल.

‘जास्त बोललो तर काढून टाकतील’, ही भीती मुलांच्या मनात असते आणि ती निराधार नसते. घरात पैशांची चणचण असेल तर ती अधिकच तीव्र होते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या माणसाने स्पष्टपणे सांगितलेले एक वाक्य मुलाला यंत्रापाशी बळ देते : ‘जाळी नसलेल्या यंत्रावर काम करायला नकार दिल्यामुळे नोकरी गेली, तर आम्ही तुला दोष देणार नाही.’ हे वाक्य त्याला कोणताही हेडसेट देऊ शकत नाही. तो कामावर रुजू होण्याच्या आदल्या रात्रीच ते त्याला सांगावे.